हुकुमावरून

ओटिली झाउटरच्या टाइप केलेल्या पानात चूक सापडली, असं आमच्या गावात कधी कुणी ऐकलं नाही. संस्थेतले शिकाऊ डॉक्टर तिच्यावर पैजा लावायचे. एखाद्या अवघड लॅटिन शब्दात मुद्दाम अक्षर गाळून मसुदा द्यायचे आणि बघायचे, बाई फसते का. बाई फसायची नाही. उलट मसुद्याच्या समासात पेन्सिलीनं बारीकशी खूण करून परत पाठवायची, की बाबा रे, एवढं तरी शाळेत शिकायला हवं होतंस.

जर्मनीतलं आमचं गाव म्हणजे एक विद्यापीठ, दोन चर्च आणि मानपानाची कधी न भागणारी भूक. इथे नवऱ्याची पदवी बायकोच्या नावाला चिकटते. डॉक्टरची बायको डॉक्टरीणबाई, प्रोफेसरची बायको प्रोफेसरीणबाई. खाटकाच्या दुकानात प्रोफेसरीणबाई शिरली की डॉक्टरीणबाईनं हसत हसत बाजूला व्हायचं आणि घरी जाऊन नवऱ्याचं डोकं खायचं. हे हसण्यावारी नेऊ नका. या बाजूला होण्यापायी आमच्याकडे काय काय झालंय, ते पुढे येईलच. ओटिली बुकबाइंडरची बायको. ती नुसती झाउटरबाई. तिच्यासाठी कुणी बाजूला व्हायचं नाही आणि तिला त्याचं काही वाटतही नसे, असं ती म्हणायची.

नवरा अलोइस माणूस सोन्यासारखा, पण मुखदुर्बळ. पुस्तकं बांधता बांधता त्याचं तोंडही बांधलं गेलं होतं. जेवण झालं की ताटली पुढे सरकवायची, हीच त्याची दाद. त्यामुळे १९३८ साली ओटिली विद्यापीठाच्या शल्यसंस्थेत टायपिस्ट म्हणून लागली आणि पहिल्याच आठवड्यात डॉक्टर टीलमान पान हातात धरून म्हणाले, "झाउटरबाई, हे पान आहे की इस्त्री केलेला सदरा?", तेव्हा ती तिशी ओलांडलेली बाई लग्नातल्या नवरीसारखी लाजली. घरी येताना रस्ताभर ते वाक्य तिनं मनात घोळवलं.

आर्नुल्फ टीलमान तेव्हा अडतीस वर्षांचे. हात कसबी, आवाज मऊ. त्यांचा कुत्रा म्हातारा होऊन मेला तेव्हा दोन दिवस कामावर आले नाहीत. शिपायालासुद्धा 'अहो' म्हणायचे. हे मी मुद्दाम सांगतोय. कारण पुढे जे कळलं ते ऐकून आमचे लोक म्हणायला लागले, 'तो राक्षस होता', 'तो वेडा होता'. राक्षस म्हटलं की आपण सुटलो, कारण आपण काही राक्षस नाही. टीलमान राक्षसही नव्हते आणि वेडेही नव्हते. ते चाळिशीला टेकलेले असिस्टंट होते आणि त्यांना प्रोफेसर व्हायचं होतं.

प्रोफेसर व्हायचं तर मोठा प्रबंध लागतो, स्वतःच्या नावावरचा. टीलमानांकडे तो नव्हता. १९४२ च्या उन्हाळ्यात ते दर पंधरा दिवसांनी आगगाडीनं उत्तरेकडे जाऊ लागले. तिकडे कैदी बायकांची एक छावणी होती. तिथून परतले की दार लावून घ्यायचे आणि मजकूर सांगायचे. ओटिली लघुलिपीत उतरवून घ्यायची आणि मग टाइप करायची.

मजकूर असा असायचा: पायाला चीर, जखमेत जंतू, माती आणि काचेचे तुकडे, मग अमुक दिवस वाट पाहणे. तीन गट. पहिल्याला जंतू मारणाऱ्या सल्फाच्या गोळ्या पूर्ण, दुसऱ्याला निम्म्या, तिसऱ्याला काहीच नाही. तिसरा गट फक्त बघण्यासाठी, तुलनेला. माणूस हा शब्द कुठे यायचा नाही. 'केस' यायचा. केस सात, ताप एकेचाळीस. केस अकरा, संपली. लघुलिपीत 'केस'साठी ओटिलीनं स्वतःची एक खूण बसवली होती, मासे धरायच्या गळासारखी. दिवसाला ती शंभरदा काढायची.

त्याच नोव्हेंबरात तिची सात वर्षांची इर्मी न्युमोनियानं अंथरुणाला खिळली. अलोइस रशियात आघाडीवर होता. सल्फाच्या गोळ्या कुठेच मिळत नव्हत्या, सगळ्या फौजेला जात होत्या. चौथ्या दिवशी पोरीचे ओठ निळे पडले. त्या दुपारी टीलमान स्वतः तीन जिने चढून वर आले. खिशातून बाटली काढली. पोरीचं मनगट धरून संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून राहिले.

ओटिलीनं विचारलं, "कुठनं मिळाल्या हो डॉक्टर?"

"चाचणीच्या साठ्यातल्या आहेत," ते म्हणाले. "तिथे एक केस कमी-जास्त झाली तर काय बिघडतंय? तुम्ही पोरीकडे बघा."

पोर वाचली. ओटिलीनं त्या दिवशी डॉक्टरांचे हात धरून डोळ्यांना लावले. 'एक केस कमी-जास्त' हे शब्दही तिनं ऐकले होते. ऐकले आणि जाऊ दिले. लघुलिपी लिहिणाऱ्याची एक सवय असते, शब्द कानातून हातात उतरतो, डोक्यात थांबत नाही. ही सवय कामाला चांगली. बाकी कशाला चांगली, ते देव जाणे.

१९४५ च्या मार्चमध्ये अमेरिकन तोफा ऐकू यायला लागल्या तेव्हा टीलमानांनी सगळ्या फायली संस्थेच्या भट्टीत घालायला सांगितल्या. ओटिलीनं घातल्या. पण लघुलिपीच्या वह्या तिच्या स्वतःच्या होत्या, आपल्या पैशानं घेतलेल्या. त्या तिनं घरी नेल्या. का नेल्या, विचारलंत तर पुण्यकर्म म्हणून नव्हे. कागदाचा दुष्काळ होता आणि वह्यांची मागची पानं कोरी होती.

मग सगळं बदललं. अलोइसची पत्रं दोन वर्षांपूर्वीच थांबली होती, ती थांबलेलीच राहिली. संस्था बंद पडली. अमेरिकनांनी गावोगाव पंच बसवले, कोण किती नाझी होता ते ठरवायला. पंचांपुढे उभं राहणाऱ्याला लोकांची शिफारसपत्रं लागायची, की हा माणूस मनानं तसा नव्हता. पाद्र्याकडून एक, शेजाऱ्याकडून एक, जमलं तर एखाद्या यहुद्याकडून एक, कुणी जिवंत सापडला तर. गावात त्याला 'धुलाईचा कागद' म्हणायचे. डाग धुऊन निघतात म्हणून. त्या दोन वर्षांत आमच्या गावात एवढी धुलाई झाली की नाझी म्हणून कुणी होता की नव्हता, असाच प्रश्न पडावा.

ओटिलीला काम मिळालं ते बीटाचा पाक आटवायच्या शेडमध्ये. दिवसभर कढई ढवळायची. ज्या बोटांना शाईचा डाग खपत नसे, ती चिकट, भेगाळलेली झाली. संध्याकाळी इर्मी तिच्या बोटांना चरबी चोळायची.

१९४७ च्या ऑक्टोबरात एका रविवारी चर्च सुटल्यावर डॉक्टरीणबाई टीलमान तिच्याकडे आल्या. तीन जिने चढून धापा टाकत. नवरा दोन वर्षं अमेरिकनांच्या कैदेत काढून परतला होता आणि पुढच्या गुरुवारी पंचांपुढे उभा राहणार होता. पंचांना एवढंच ठाऊक होतं, की तो छावणीत जायचा. कशासाठी, ते धूसर होतं.

बाईंनी टेबलावर पाव पौंडाची पुडी ठेवली. खरी कॉफी. भाजलेल्या जवाची नव्हे. वासानं इर्मी आतल्या खोलीतून बाहेर आली.

"बसा डॉक्टरीणबाई," ओटिली म्हणाली.

"बसायला वेळ नाही बघा. कागद तयार आहे. वकिलांनी लिहून दिलाय, तुम्ही नुसती सही करायची. आणि गुरुवारी पंचांपुढे वाचून दाखवायचा. तुमचा शब्द म्हणजे काय, सगळं गाव मानतं."

ओटिलीनं कागद वाचला. सवयीनं पहिल्यांदा चुका शोधल्या. दोन स्वल्पविराम चुकले होते. मग मजकूर वाचला. डॉक्टर टीलमान छावणीत जात ते केवळ वरिष्ठांच्या हुकुमावरून. तिथलं काम त्यांनी केलं ते हुकुमावरून, मनाविरुद्ध, नकार दिला असता तर आघाडीवर रवानगी झाली असती म्हणून. आणि ते सर्व जखमी जवानांचे प्राण वाचवण्यासाठी होतं.

"हे 'हुकुमावरून'," ओटिली म्हणाली, "दोनदा आलंय."

"मग एकदा काढा, भाषा तुम्हाला जास्त कळते," बाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "संस्था जानेवारीत उघडतेय. माझे मेहुणे तिथे व्यवस्थापक होणार आहेत. त्यांना टायपिस्ट हवी आहे. पाकाच्या कढईपुढे तुम्हाला बघून माझ्या पोटात तुटतं, खरं सांगते."

ओटिलीनं कागद घडी करून बाजूला ठेवला. बाईंचा आवाज बदलला.

"झाउटरबाई, ही पोर समोर उभी आहे ना, ती कुणामुळे? गरज सरो नि वैद्य मरो, असलं आपल्याला शोभत नाही हो."

"विसरले नाही मी."

"मग झालं तर. झाकली मूठ बरी असते. तुमचीही त्यात आहेच की." आणि बाई जिना उतरून गेल्या. जाताना पुडी नीट टेबलाच्या मधोमध सरकवून गेल्या.

आता ओटिलीच्या जागी कुणीही असतं तर सही करून मोकळं झालं असतं. मीही केली असती, उगाच मोठेपणा कशाला. माणूस तिच्याशी चांगला वागला होता. पोरीला जीवदान दिलं होतं. थंडी दाराशी आली होती. आणि खोटं तरी काय असं, दोन शब्दांचं? ती पेन घेऊन बसलीसुद्धा.

समोर इर्मी गणितं सोडवत होती. वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर. पान उलटलं आणि तिनं विचारलं, "आई, हे इकडचे गळ कसले गं? सगळ्या पानावर गळच गळ आहेत."

ओटिलीनं वही ओढून घेतली. नोव्हेंबर १९४२. लिहिल्यापासून पाच वर्षांत तिनं ते वाचलं नव्हतं. टाइप करताना वाचलं असेल, पण ते वाचणं म्हणजे अक्षरं तपासणं. आज पहिल्यांदा तिनं ते मजकूर म्हणून वाचलं. एका वहीवरून दुसरीवर गेली, दुसरीवरून तिसरीवर. चुलीवरचा कॉफीचा जव उकळून उकळून करपला तरी उठली नाही. इर्मीनं भांडं उतरवलं.

"आई, काय लिहिलंय?"

बारा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं? ओटिलीनं सांगितलं. गट सांगितले. गोळ्या सांगितल्या. त्या बायका पोलिश होत्या, बऱ्याचशा इर्मीहून आठ-दहा वर्षांनीच मोठ्या होत्या, तेही सांगितलं. आणि बाटली कुठून आली होती, तेही.

इर्मीनं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांच्यातल्या कुणाला मिळायच्या त्या मला मिळाल्या?"

"तिसऱ्या गटाला द्यायच्याच नव्हत्या. पण होत्या. साठ्यात होत्या. बाजूच्या कपाटात."

"मग मी काय मरायला हवं होतं का?"

"नाही गं. तू जगलीस ते चांगलंच झालं, अगदी चांगलं झालं. डॉक्टरांमुळे जगलीस हेही खरं. ते मी कुणापुढेही सांगेन." ओटिलीनं तिला जवळ ओढलं. "पण बघ, ज्या माणसाला माझ्या पोरीचं मनगट धरून चार तास बसता येतं, त्याला कळत नव्हतं असं कसं म्हणू? न कळणारा असता तर सही केली असती मी."

दोघी रडल्या. मग इर्मीनं विचारलं, "तुला नोकरी मिळणार नाही ना मग?" ओटिली म्हणाली, नाही. पोर म्हणाली, बरं. आणि पुन्हा गणिताला लागली, पण दुसऱ्या कागदावर.

गुरुवारी शाळेच्या व्यायामशाळेत पंच बसले. अध्यक्ष श्टोल नावाचा म्हातारा, धंद्यानं खोगीर शिवणारा. हिटलरच्या काळात तीन वर्षं तुरुंगात काढलेला, म्हणून पंच. डोळे बारीक, बोटं जाड, कायद्याचं ज्ञान बेताचं. बाकांवर अर्धं गाव. डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत, काळ्या टोपीत.

टीलमान वाळले होते. कोट खांद्यांवर लोंबत होता. ते मऊ आवाजात म्हणाले, "युद्ध होतं. हुकूम आला. मी डॉक्टर आहे, पण मी सैनिकही होतो." बाकांवरचे लोक माना हलवत होते. आमच्या गावात त्या वाक्यावर कुणाची मान हलली नसती? प्रत्येकाच्या घरात कुणीतरी हुकुमावरून काहीतरी केलेलंच होतं.

पाद्र्याचा कागद वाचून झाला. बेकरीवाल्याचा झाला. मग वकील उठले आणि म्हणाले, "आता मी संस्थेच्या टायपिस्ट झाउटरबाईंना बोलावतो. सात वर्षांत ज्यांच्या हातून एक अक्षर चुकलं नाही, अशा या साक्षीदार आहेत."

ओटिली पुढे आली. हातात कागद नव्हता. पिशवी होती, तिच्यात पाच वह्या.

"कागद आणला नाहीत?" वकिलांनी हलक्या आवाजात विचारलं.

"त्यात चुका होत्या," ओटिली म्हणाली. मग श्टोलकडे वळून म्हणाली, "मला आधी एक सांगायचंय. या डॉक्टरांनी माझ्या पोरीचा जीव वाचवला. माझ्यासाठी ते देवासारखे धावून आले. हे लिहून घ्या. आता दुसरं वाचते."

आणि ती वाचू लागली. आवाज सपाट. पहिलं पत्र जुलै १९४२ चं, बर्लिनला पाठवलेलं. टीलमानांनी सांगितलेलं, तिनं उतरवलेलं. त्यात हुकूम नव्हता. त्यात विनंती होती. 'मला या कामावर घ्यावं अशी नम्र विनंती मी तिसऱ्यांदा करीत आहे.'

वकील उभे राहिले. "पंचसाहेब, या रेघोट्यांत कुणी काय वाचावं? या फक्त या बाईंनाच कळतात."

श्टोलनं डोळे किलकिले केले. "आत्ताच तुम्ही म्हणालात ना, हिच्या हातून चूक होत नाही म्हणून?"

बाकांवर कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. वकील बसले.

ओटिलीनं दुसरं पत्र वाचलं. ते म्युनिकच्या एका जुन्या सर्जनला लिहिलेलं उत्तर होतं. त्या म्हाताऱ्यानं कळवलं होतं, की बाबा रे, सल्फा कुठे चालतं, कुठे चालत नाही, हे इस्पितळातल्या जखमींवरून आम्हाला केव्हाच कळलंय, नव्यानं कशाला करतोस? टीलमानांचं उत्तर असं होतं: 'निष्कर्ष मलाही ठाऊक आहे. परंतु ही आकडेवारी अद्याप कुणाच्याही नावावर प्रसिद्ध झालेली नाही. शरद ऋतूतल्या सभेपूर्वी तीस केसेस पूर्ण झाल्या तर जागेसाठी माझा विचार होईल.'

श्टोलनं विचारलं, "जागा म्हणजे?"

"प्रोफेसरची जागा. रिकामी होणार होती."

"म्हणजे जवानांसाठी नव्हतं ते?"

"जवानांचं नाव अर्जात होतं. अर्जात घालावंच लागतं काहीतरी." तिनं वही मिटली. "मला वाटतं, त्यांना ते थोडंफार खरंही वाटत असावं. पण ज्याचं उत्तर आधीच कळलंय ते विचारायला माणसं कापावी लागत नाहीत."

टीलमान खाली बघत होते. डॉक्टरीणबाई उठल्या. "आणि टाइप कुणी केलं? कुणी केलं टाइप? संस्थेत बसून, इस्त्रीच्या घडीसारखं?"

"मी केलं," ओटिली म्हणाली. "एक अजून आहे. ते वाचते आणि बसते."

ते पत्र नव्हतं. ती तक्रार होती. १९४३ च्या मार्चमध्ये छावणीतल्या पोलिश मुलींनी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये पेन्सिलीनं लिहून छावणीच्या प्रमुखाला दिली होती, आणि त्यानं हसण्यासाठी म्हणून टीलमानांना पाठवली होती. टीलमानांनी ती खोलीत मोठ्यानं वाचली, एका ओळीचा शेरा सांगितला, आणि ओटिलीनं सवयीनं दोन्ही उतरवून घेतलं. आता ती वाचू लागली:

"आम्ही खाली सह्या करणाऱ्या बायका विचारतो. आमच्या शिक्षेच्या कागदात आमचे पाय कापावेत असं लिहिलं आहे का? असेल तर दाखवा. आमच्यापैकी पाच मेल्या. आम्हाला कुणी विचारलं नाही. आम्ही आजारी नव्हतो. आम्ही आता चालू शकत नाही, म्हणून ज्यांना चालता येतं त्यांनी आम्हाला उचलून इथे आणलं आहे."

श्टोलनं पाण्याचा पेला पुढे केला. तिनं घेतला नाही.

"डॉक्टरांचा शेरा असा आहे: 'संकीर्णमध्ये लावा.' आणि..." ती वहीवर बोट ठेवून म्हणाली, "इथे समासात माझ्या खुणा आहेत. या मुलींच्या व्याकरणाच्या दोन चुका मी दुरुस्त केल्या होत्या. ही तक्रार ऐकून मी तेवढंच केलं."

ती बसली. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. लोक उठून गेले तेव्हा तिच्या बाकाला वळसा घालून गेले.

पुढचं सगळ्यांना माहीत आहेच, तरी सांगतो. पहिल्या पंचांनी टीलमानांना सजा दिली. अपिलात वरच्या पंचांनी ती उडवली. लघुलिपी हा पुरावा नव्हे, मूळ पत्रं दाखवा, म्हणाले. मूळ पत्रं ओटिलीनं स्वतःच जाळली होती. टीलमान 'नुसते मागून चालणारे' ठरले, म्हणजे जवळजवळ निर्दोष. दुसऱ्या शहरात त्यांना जागा मिळाली, आमच्या गावची माणसं त्यांना भेटायला जात, आणि ते अजूनही सगळ्यांना अहो-जाहो करत. ओटिली पाक ढवळत राहिली. गावातली माणसं तिला दुकानात बघून बोलायची थांबत. कुणी तिला वाईट म्हटलं नाही. नुसते थांबत. एवढं मात्र आमच्या गावाला छान जमतं.

पण त्या सुनावणीनंतर आठवड्याभरानं झालेली गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही. साक्षीची नोंद टाइप होऊन आली, तिच्यावर सही करायला ओटिलीला बोलावलं. पंचांचा कारकून नाग्ल म्हणून होता, पन्नाशीचा, दम्याचा, पापभीरू. त्यानं कागद पुढे ठेवला आणि खुर्ची दिली.

ओटिलीनं तीन पानं वाचली. एका जागी थांबली.

"नाग्लसाहेब, हे काय आहे?"

"कुठलं?"

"इथे. 'साक्षीदार बाईंनी सदर मजकूर हुकुमावरून टाइप केला.' हे मी म्हटलं नाही."

नाग्ल चष्मा पुसायला लागला. मग दाराकडे बघून खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, मीच घातलंय ते. श्टोलनंही बघितलंय, काही म्हणाला नाही. उद्या टीलमानांचा वकील तुमच्यावर उलटला तर? पोर आहे पदरात. तो एक शब्द असू दे तिथे. तुम्ही साधी टायपिस्ट, तुम्हाला कोण विचारतंय? सांगतील ते करायचं. सगळ्यांच्या कागदांत असतोच तो शब्द."

तो मनापासून बोलत होता. त्या दिवसांत इतक्या आपुलकीनं तिच्याशी बोलणारा तो एकटाच माणूस. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला, चिकट, भेगाळलेला.

"तुमचे उपकार आहेत," ती म्हणाली. "पण तसं झालं नव्हतं. डॉक्टर माझ्या टेबलाशी आले होते. छावणीचं काम आहे म्हणाले, नाजूक आहे, दुसरी कुणी असेल तरी चालेल, तुमच्यावर सक्ती नाही. मला वाटलं, इतक्या जणींत हे मलाच म्हणतायत."

मग तिनं पेन उचललं आणि 'हुकुमावरून' या शब्दावर सरळ एक रेघ ओढली. नाग्लनं विचारलं, "मग त्या जागी काय लिहू?"

"लिहा," ओटिली म्हणाली, "मला विचारलं होतं. मी हो म्हटलं."